मत्स्यटाकीच्या संपाला बाहेरचा पंप : कारागिरांसाठी एक धडा

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण हा पट्टा कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली एम.आय.डी.सी. अस्तित्वात आली आणि २००९ साली चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. या कारखान्यांच्या आधाराने नळजोडणी, पंपदुरुस्ती, काचकाम, वेल्डिंग आणि भंगाराचे व्यवसाय वाढले आणि आपले अनेक बंधू त्यावर घर चालवितात. आता याच भागात उंच इमारती, हॉटेले, दवाखाने आणि कंपन्यांचे स्वागतकक्ष उभे राहिले असून तेथे चार-पाच फुटी मत्स्यटाक्या हौसेने बसविल्या जातात. दुकानदार टाकी ठेवून जातो, पाइपाचे काम मात्र प्लंबरवर येते.

काम लहान दिसते. पण टाकीत तीन-साडेतीनशे लिटर पाणी असते, खाली दुसऱ्याचे घर असते आणि पंप रात्रंदिवस चालतो. माझ्या पहिल्याच कामात मी एका एन.आर.व्ही.वर भरवसा ठेवला होता. वीज गेली, एन.आर.व्ही.मध्ये शेवाळाचा तुकडा अडकलेला होता, आणि टाकीतले पाणी खालच्या संपातून फरशीवर आले. खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छताचा रंग मला स्वखर्चाने करून द्यावा लागला. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो : पंप चालू असताना काम कसे दिसते याला महत्त्व नाही, वीज जाते आणि परत येते त्या वेळी काय होते, यावरून काम पास किंवा नापास.

हा संप वेगळा

आपल्या बोलीत संप म्हणजे इमारतीखालची पाण्याची टाकी. मत्स्यटाकीचा संप म्हणजे स्टँडच्या कपाटात, मुख्य टाकीच्या खाली ठेवलेली लहान काचेची टाकी. वरच्या टाकीतले जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपाने आपोआप खाली येते, स्पंज आणि इतर गाळणीच्या खणांतून जाते आणि शेवटच्या खणात पोहोचते. तेथून पंप ते पुन्हा वर चढवितो. गाळणीत असंख्य उपयोगी जिवाणू राहतात आणि माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे विष तेच कमी करतात. त्यांना वाहते, हवा मिसळलेले पाणी लागते. म्हणून हा पंप पाणी चढवून बंद करायचा नसून सतत चालवायचा असतो.

इमारतीच्या संपावर पंप वर बसतो, पाइप खाली पाण्यात सोडतो आणि तळाला फूट व्हॉल्व्ह लावतो. फूट व्हॉल्व्ह गळाला की वॉचमन पंपात तांब्याने पाणी ओतून हवा काढतो. ही आपली वर्षानुवर्षांची सवय. मत्स्यटाकीला ती लावली की काम बिघडते, कारण रात्री दोन वाजता वीज परत आली तर हवा काढायला तेथे कोणी नसते. पंप कोरडा फिरतो, तापतो आणि सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड वासून दिसतात.

म्हणून पहिला नियम : बाहेरचा पंप संपाच्या पाण्याच्या पातळीखाली बसवावा. पाणी स्वतःच्या वजनाने पंपात भरलेले राहते आणि वीज येताच पंप उचल घेतो. पंप सरळ फरशीवर ठेवला तर गळतीचे पाणी मोटारीला लागेल, म्हणून पंपाखाली दोन इंचांचा ठोकळा व त्यावर रबरी शीट द्यावी आणि संपच चार-पाच इंच उंच चौकटीवर घ्यावा. पंप वर नेऊ नये, संप वर न्यावा.

पंप कोणता घ्यावा

पुष्कळ गिऱ्हाइके म्हणतात, "चाचा, घरात अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार पडून आहे, तीच लावा." तसे करू नये. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ वॅट काम. त्यासाठी मोटार सुमारे ५०० वॅट वीज ओढते. २४ तास चालविल्यास दिवसाला १२ युनिट, महिन्याला ३६० युनिट होतात. ६० वॅटचा योग्य पंप महिन्याला सुमारे ४३ युनिट घेतो. शिवाय त्या मोटारीचा बीडाचा भाग गंजतो आणि पितळी इंपेलरमधून पाण्यात तांबे उतरते. झिंगे आणि गोगलगायी यांना थोडेसे तांबेही मारक ठरते.

या कामाला मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप चांगला. त्यात मोटारीचा शाफ्ट पाण्यात जात नाही. बाहेरचे चुंबक आतल्या चुंबकाला फिरविते आणि आतल्या चुंबकाला इंपेलर जोडलेला असतो. शाफ्ट सील नसल्याने सीलची गळती नाही, आणि पाण्याला लागणारे भाग प्लास्टिक व सिरॅमिकचे असतात. त्याचा एक दोष लक्षात ठेवावा : तो कोरडा चालला तर आतला बुश तापतो आणि सिरॅमिक शाफ्ट तडकतो.

भोसरीच्या प्लेटिंग शॉपमध्ये काम केलेल्यांना हे पंप परिचित आहेत. येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य समजतो. प्लेटिंगमधून भंगारात आलेला पंप स्वस्त मिळाला तरी मत्स्यटाकीला कदापि लावू नये. त्यातून निकेल, क्रोमिक ॲसिड किंवा सायनाइडचे द्रावण फिरलेले असू शकते आणि कितीही धुतला तरी फटीत, ओ-रिंगमध्ये काय राहिले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. भंगाराचे व्यापारी बंधूही असा पंप विकताना तो कोठून आला हे सांगून विकतील, तर तो व्यवहार स्वच्छ राहील. मालातला ऐब लपवून मिळविलेल्या पैशात बरकत नसते.

पंपाच्या डब्यावर ताशी ३००० लिटर लिहिलेले असते, ते शून्य उंचीला असते. संपाच्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंतची उंची मोजावी, त्यात पाइप व एल्बोच्या घर्षणासाठी अर्धा मीटर मिळवावा आणि तेवढ्या उंचीला किती पाणी मिळते ते कंपनीच्या तक्त्यात पाहावे. गोड्या पाण्याच्या टाकीला ताशी तीन ते पाच वेळा पाणी फिरले तरी पुरे. ३०० लिटरच्या टाकीला प्रत्यक्षात ताशी ९०० ते १५०० लिटर मिळाले की काम झाले.

वीज गेल्यावर किती पाणी खाली येईल

हा हिशेब पाइप कापण्याआधी कागदावर करावा. उदाहरण घेऊ.

वरची टाकी १२० सें.मी. लांब व ४५ सें.मी. रुंद. पृष्ठभाग ५४०० चौरस सें.मी. म्हणजे पाणी १ सें.मी. उतरले की ५.४ लिटर खाली आले. संप ७५ सें.मी. लांब, ३५ सें.मी. रुंद, ४० सें.मी. उंच. तेथे १ सें.मी. म्हणजे सुमारे २.६ लिटर. पंप चालू असताना संपातील सर्व खणांची सरासरी पातळी २४ सें.मी. धरू.

परतीच्या पाइपाचे तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली १० सें.मी. बुडालेले आहे. वीज जाताच हाच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडे पडेपर्यंत पाणी खाली ओढतो. १० सें.मी. म्हणजे ५४ लिटर. पाइप व ओव्हरफ्लोच्या खणातील ५ लिटर धरले तर ५९ लिटर. संपाची पातळी सुमारे २२.५ सें.मी. वाढून ४६.५ वर जाईल, आणि संप तर ४० चाच आहे. सुमारे १७ लिटर पाणी फरशीवर.

आता तेच तोंड पाण्याखाली फक्त ३ सें.मी. ठेवले. तीन सें.मी.चे १६.२ लिटर, अधिक ५, एकूण २१.२ लिटर. संप सुमारे ८ सें.मी. वाढून ३२ वर थांबेल. ८ सें.मी. जागा शिल्लक. फरशी कोरडी.

म्हणजे पूर टाळण्यासाठी महाग वस्तू लागत नाही, पाइपाचे तोंड कोठे ठेवावे एवढेच लागते. तोंड खोल ठेवणे भागच असेल तर पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ३ मि.मी.चे भोक पाडावे. पातळी तेथवर उतरली की हवा शिरून सायफन तुटतो. हे भोक शेवाळाने बुजते, म्हणून महिन्यातून एकदा काडीने साफ करण्यास गिऱ्हाइकाला सांगावे. एन.आर.व्ही. हवा तर जोडावा, पण तो नाही असे समजूनच हिशेब करावा.

दुसरा हिशेब उलट दिशेचा. ओव्हरफ्लोच्या जाळीत पान अडकले आणि पाणी खाली येणे थांबले, तर पंप आपल्या खणातले पाणी वर चढवीत राहील. पंपाचा खण २५ गुणिले ३५ सें.मी. आणि सक्शनच्या भोकावर १५ सें.मी. पाणी असेल, तर सुमारे १३ लिटर वर जाईल आणि वरची पातळी अडीच सें.मी. वाढेल. वरच्या टाकीला काठाखाली ५ सें.मी. मोकळे ठेवले असेल तर थेंबही सांडणार नाही. म्हणून पंपाचा खण मुद्दाम लहान ठेवावा. मात्र खण रिकामा झाल्यावर पंप कोरडा चालू नये यासाठी त्यात फ्लोट स्विच बसवावा. ओव्हरफ्लोचा पाइप परतीच्या पाइपापेक्षा मोठा, शक्यतो दीड इंची घ्यावा, आणि जमल्यास त्याच्या शेजारी थोडा उंच असा दुसरा मोकळा पाइप ठेवावा.

संपाच्या काचेला भोक

टफन केलेल्या काचेला भोक पाडता येत नाही. ती क्षणात चुरा होते. संपाची काच साधी आहे याची खात्री विकणाऱ्याकडून लेखी घ्यावी. टँक निप्पलचा आटा व्हर्नियरने मोजून त्याहून १ ते २ मि.मी. मोठा डायमंड होल-सॉ घ्यावा. भोकाची कड काचेच्या कडेपासून किमान भोकाच्या व्यासाइतकी आत असावी. ड्रिल हळू फिरवावे, सतत पाणी सोडावे, दाब देऊ नये आणि मागच्या बाजूला लाकडी फळी टेकवावी. डोळ्यांवर चष्मा हवाच.

भोक तळापासून सुमारे ५ सें.मी. वर असावे, म्हणजे बसलेला गाळ पंपात जाणार नाही. चालू पातळी भोकाच्या वर किमान ८ ते १० सें.मी. असावी, नाहीतर पाण्यात भोवरा होऊन पंप हवा खातो. टँक निप्पलचा रबरी वॉशर कॉलरच्या बाजूला ठेवावा, नट हाताने आवळून वर पाव फेरा द्यावा. एम-सील किंवा पुट्टी लावू नये. रबर स्वच्छ काचेवर बसले की तेच पाणी धरते. जास्त आवळले की काच तडकते.

सक्शन आणि डिलिव्हरी

जोडणीचा क्रम असा ठेवावा : टँक निप्पल, बॉल व्हॉल्व्ह, युनियन, पंप, युनियन, बॉल व्हॉल्व्ह, परतीचा पाइप. दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आणि त्यांच्या आत युनियन असल्याने संप रिकामा न करता पंप काढता येतो. शंभर-दीडशे रुपयांचे फिटिंग वाचविण्यासाठी युनियन गाळणारा कारागीर पुढच्या दुरुस्तीत पाइप कापतो आणि गिऱ्हाईकही गमावतो.

सक्शनविषयी चार गोष्टी :

१) पाइप पंपाच्या तोंडापेक्षा लहान कधीही नसावा, एक माप मोठा असला तर उत्तम.

२) पाइप आखूड आणि सरळ असावा. पंपाच्या तोंडाला लागूनच एल्बो देऊ नये. एक इंची पाइपाला किमान पाच इंच सरळ तुकडा द्यावा.

३) मध्ये कोठेही उंचवटा नसावा; तेथे हवा साचते.

४) पाणी कमी करायचे असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह वळवावा, सक्शनचा नेहमी पूर्ण उघडा. सक्शन आवळले की पंपाला पाणी अपुरे पडते, आत वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात, खडी फिरल्यासारखा आवाज येतो आणि इंपेलर खातो.

पाइप व फिटिंग यू.पी.व्ही.सी. किंवा सी.पी.व्ही.सी.चे वापरावे. जी.आय. पाइपातून जस्त आणि पितळी फिटिंगमधून तांबे उतरते, म्हणून दोन्ही टाळावे. पंपाच्या प्लास्टिक आट्याला प्लास्टिकचाच एफ.टी.ए. किंवा एम.टी.ए. टेफ्लॉन टेपने बसवावा. पाना लावू नये. सॉल्व्हंट सिमेंटचा जोड करताना पाइप काटकोनात कापावा, कडेचा बर काढावा, पाव फेरा देत दाबावा आणि अर्धा मिनिट धरून ठेवावा. जोड २४ तास सुकू द्यावा, मग साध्या पाण्याने पूर्ण लाइन दोनदा धुऊन ते पाणी टाकून द्यावे. पंपाचा थरथराट काचेला लागू नये म्हणून डिलिव्हरीला जाळीदार होजचा लहान तुकडा आणि स्टेनलेस क्लँप द्यावेत.

वीज : येथे चूक माफ नाही

पाणी आणि वीज एकाच कपाटात आहेत. अर्थिंगचा तीन पिनी प्लग आणि ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. याशिवाय काम हाती घेऊ नये. सॉकेट संपाच्या वर, बाजूच्या भिंतीवर असावे. टाकीच्या बरोबर खाली नको. वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब वळशाच्या तळाला गळून पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. कपाटाच्या मागे हवेसाठी जागा ठेवावी.

चाचणी मासे सोडण्यापूर्वी

साध्या पाण्याने टाकी भरावी. पंप चालू करून संपावर चालू पातळीची खूण पेनने करावी. मग बटण बंद करून पाणी थांबेपर्यंत पाहावे आणि दुसरी खूण करावी. त्या खुणेवर किमान ५ सें.मी. जागा उरली पाहिजे. हे तीन वेळा करावे आणि प्रत्येक वेळी पंप हात न लावता उचल घेतो का ते पाहावे. नंतर ओव्हरफ्लोची जाळी हाताने बंद करून वरची पातळी कोठे थांबते आणि फ्लोट स्विच पंप बंद करतो का, तेही गिऱ्हाइकासमोर दाखवावे. शेवटी प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून टाकी एक रात्र चालवावी. सकाळी कागद कोरडा असेल तरच बिल द्यावे.

वजनाचाही विचार करावा. ३०० लिटर पाण्याचे ३०० किलो, वर काच, वाळू, स्टँड आणि संप. एकूण भार ४०० किलोच्या पुढे जातो. टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता बीमजवळ, भिंतीलगत ठेवावी.

पाणी आणि देखभाल

पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी देणे सुरू केले, तेव्हापासून अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरवर अवलंबून राहू लागल्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते मासे आणि जिवाणू दोघांनाही घातक. पाणी उघड्या बादलीत हवा सोडत एक दिवस ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेट वापरावे. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्याचा पांढरा थर इंपेलरवर बसतो. तीन महिन्यांनी पंप उघडून इंपेलर सिरक्यात भिजवावा आणि स्वच्छ धुवावा. बाष्पीभवनाने घट होते ती पंपाच्या खणातच दिसते, म्हणून त्या खणावर खालची खूण करून द्यावी : पाणी या रेषेखाली जाऊ देऊ नये.

वुजू करतानाही पाण्याचा इसराफ नको, ही आपली शिकवण आहे. दिवसाआड पाणी मिळणाऱ्या घरात आपल्या निष्काळजीपणाने शंभर लिटर वाहून गेले तर तोही इसराफच. त्या टाकीतले मुके जीव आणि खालच्या मजल्यावरचा शेजारी, दोघेही आपल्या कामावर अवलंबून असतात. गिऱ्हाईक आपल्याला घर उघडून देतो, ती अमानत आहे.

काम पूर्ण झाल्यावर बिलावर पंपाचे मॉडेल, पाइपाची मापे आणि वीज बंद असतानाची पातळी लिहून द्यावी आणि सहा महिन्यांनी स्वतःहून तपासणीस जावे. औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, तो दिवस अशा फेरीला सोयीचा. एका स्वागतकक्षातली टाकी वर्षभर न गळता चालली तर शेजारच्या कंपनीचे काम जाहिरातीशिवाय येते, इन्शाअल्लाह. आणि नव्या शागिर्दाला पाइप कापायला शिकविण्यापूर्वी कागदावरचे ते दोन हिशेब शिकवावेत : वीज गेली तर खाली किती येईल, आणि जाळी तुंबली तर वर किती जाईल.